नेटवर्क केबल घेताना आधी तांबं बघा, नंबर नंतर

पाऊस उघडला, सोयाबीनचे पैसे हातात आले, की लातूर-उदगीर पट्ट्यात घराची कामं निघतात. कुणी माळवद उतरवून स्लॅब टाकतं, कुणी जुनं पट्टी वायरिंग काढून भिंतीतून पाइप घालून घेतं. वायरमन येतो, पंखे, दिवे, गिझर, इन्व्हर्टर यांचे पॉइंट मोजतो. नेटवर्क केबल त्या यादीत बहुधा नसतेच. ती आठवते रंग झाल्यावर. राउटर समोरच्या खोलीत, लेक मागच्या खोलीत ऑनलाइन क्लासला बसलेली, आणि मध्ये दोन फुटांची दगडी भिंत. वाय-फायची लहर त्या भिंतीपलीकडे जेमतेम पोचते.

मी या भागात चौदा वर्षं नेटवर्कच्या आणि कॅमेऱ्याच्या केबली ओढतोय. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘दादा, कॅट सहा घ्यावी का सात का आठ?’ (कॅट म्हणजे कॅटेगरी, केबलीची प्रत सांगणारा नंबर.) माझं उत्तर ठरलेलं आहे. घरासाठी कॅट ६ घ्या, पण तिच्यात शुद्ध तांबं असल्याची खात्री करा आणि ती स्वतःच्या वेगळ्या पाइपातून न्या. पुढचं सगळं हे नीट कसं करायचं, त्याबद्दल आहे.

आधी कागदावर घर काढा

भिंतीला कटर लागायच्या आत वहीच्या पानावर घराचा नकाशा काढा आणि एक मुख्य जागा ठरवा. फायबरवाल्याची वायर जिथे घरात येते, इन्व्हर्टरचा पॉइंट जिथे जवळ आहे आणि जिथे वारा खेळतो, ती जागा चांगली. पत्र्याच्या खोलीत किंवा जिन्यावरच्या बंद टॉवरमध्ये राउटर किंवा नेटवर्कचा स्विच (सगळ्या खोल्यांच्या केबली जिथे जोडतात तो डबा) ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं, आणि तिथे ही यंत्रं टिकत नाहीत.

मुख्य जागेपासून प्रत्येक खोलीला स्वतंत्र केबल जायला हवी. लाइटच्या वायरिंगसारखं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत लूप मारायचं नाही. नवीन वायरमन नेमकी हीच चूक करतात, कारण त्यांच्या हाताला ती सवय असते. टीव्हीमागे दोन पॉइंट, अभ्यासाच्या टेबलाजवळ एक, आणि घराच्या मधोमध छताला एक पॉइंट काढा. छताचा पॉइंट वाय-फायच्या ॲक्सेस पॉइंटसाठी, म्हणजे केबलीवरून वाय-फाय सोडणाऱ्या डबीसाठी. जाड भिंतींच्या घरात वाय-फाय सुधारायचा खरा उपाय हाच आहे: केबल भिंतीपलीकडे न्यायची आणि लहर तिथून सोडायची. फाटकावर, मागच्या दारी कॅमेरे लावायचे असतील तर त्यांचेही पॉइंट आत्ताच धरा.

नंबराचा अर्थ

कॅट ५ई केबल १ गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा वेग १०० मीटरपर्यंत नेते. आपल्याकडे घरगुती फायबरचे बहुतेक प्लॅन अजून काही शे एमबीपीएसचे आहेत, म्हणजे आजच्या गरजेला तीही पुरते. जुन्या घरात धड कॅट ५ई आधीच टाकलेली असेल तर ती उपटू नका.

नवीन टाकताना मात्र कॅट ६ घ्या. हिचं प्रमाण २००२ साली आलं. ती १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते आणि १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत. आपल्या घरात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला कितीही वळणं घेतली तरी तीस-चाळीस मीटरच्या पुढे केबल जात नाही. म्हणजे पुढची पंधरा-वीस वर्षं या केबलची अडचण होणार नाही.

कॅट ६ए १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर नेते, पण ती जाड आणि ताठ असते, वळणावर अडते, आणि साध्या पाइपात एक-दोनच्या वर मावत नाही. घराला तिची गरज मला अजून पडलेली नाही. कॅट ७ म्हणून बाजारात मिळणाऱ्या केबलीला साधाच आरजे-४५ (नेटवर्क केबलीचा नेहमीचा प्लग) लावलेला असतो, आणि तो काही कॅट ७ साठी ठरवलेला कनेक्टर नव्हे. अमेरिकेतल्या टीआयए या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेने कॅट ७ मान्यच केलेली नाही. कॅट ८ डेटा सेंटरमधल्या शेजारशेजारच्या रॅकसाठी आहे, तिची हद्दच ३० मीटरची. दुकानदार या दोन्ही दाखवू लागला तर नम्रपणे नको म्हणा आणि वाचलेले पैसे तांब्यात घाला.

तांबं ओळखणं

या भागावर थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक इथली आहे.

सुरुवातीच्या काळात बहिणीच्या घराचं काम मी केलं. केबलचा एक खोका स्वस्तात मिळाला. वर कॅट ६ छापलेलं, रंग तेच, तारा लालसर. भिंतीत घातली, गिलावा झाला, रंग झाला, सगळं चालू झालं. फाटकावरचा कॅमेरा घरापासून सत्तर मीटरवर होता आणि त्याला वीजही त्याच केबलीतून दिलेली होती. काही महिन्यांनी बहिणीचा फोन आला. ‘दादा, कॅमेरा दिवसभर चालतो आणि दिवेलागणीला बंद पडतो.’ मी कॅमेरा बदलला, स्विच बदलला, कनेक्टर तीनदा मारले. शेवटी एक तार ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी निघाली. ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त करंट ओढतो, आणि त्या तारेचा विरोध (रेझिस्टन्स) इतका की टोकाला पुरेसा व्होल्टेज पोचतच नव्हता. केबल माझ्या खर्चाने बदलून दिली. पण दोन ठिकाणी बहिणीची रंगवलेली भिंत फोडावी लागली, याचं वाईट अजून वाटतं.

या केबलीला बाजारात सीसीए म्हणतात. ॲल्युमिनियमची तार तांब्यापेक्षा ठिसूळ असते, दोन-चार वेळा वाकवली की तुटते. त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा तिचा विरोध दीडपटीहून जास्त असतो. कॅमेरा किंवा ॲक्सेस पॉइंटला केबलीतूनच वीज द्यायची असेल तर ती तापतेही. नेटवर्क केबलच्या प्रमाणांत शुद्ध तांबंच सांगितलेलं आहे, त्यामुळे सीसीएवर कॅट ६ छापलं तरी ती कॅट ६ होत नाही.

ओळखायच्या चार रीती सांगतो. पहिली, वजन. ३०५ मीटरच्या म्हणजे हजार फुटांच्या खोक्यात २३ गेजच्या आठ तारा असतात, दोन-दोन पिळून चार जोड्या केलेल्या. (गेज म्हणजे तारेची जाडी, आकडा कमी तेवढी तार जाड.) त्या शुद्ध तांब्याच्या असतील तर नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या घरात जातं. मुलाम्याच्या तारांचं वजन जेमतेम सव्वादोन किलो भरतं. दोन खोके दोन हातात उचलले तर काट्याचीही गरज पडत नाही. दुसरी, खरवडणं. दुकानातच टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. आतून लालच दिसली पाहिजे. खरवडू देत नसेल त्या दुकानातून घेऊ नका. तिसरी, लोहचुंबक. काही केबलीत ॲल्युमिनियमऐवजी लोखंडी तारेवर मुलामा असतो. ती चुंबकाला चिकटते.

चौथी रीत मल्टिमीटरची, आणि माझा विश्वास सगळ्यात जास्त तिच्यावर आहे. केबलीचा ३० मीटरचा तुकडा घ्या. एका टोकाला एकाच जोडीच्या दोन्ही तारा सोलून एकत्र पिळा, दुसऱ्या टोकाला त्या दोघींमधला विरोध मोजा. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा. २३ गेजचं शुद्ध तांबं असेल तर ४ ओमच्या आसपास येतं, २४ गेजला ५ च्या आसपास. सहाच्या वर गेलं तर केबल परत करा.

केबलीच्या अंगावरचं छापील वाचायची सवय लावा. बनवणाऱ्याचं नाव, कॅट ६, गेज, ‘सॉलिड बेअर कॉपर’ आणि दर मीटरला वाढत जाणारा आकडा तिथे हवा. त्या आकड्यांमुळे किती केबल वापरली याचा हिशेबही आपोआप मिळतो. बिलावरही ‘शुद्ध तांबं’ असं लिहून घ्या.

सॉलिड की लवचिक, शिल्ड हवं की नको

भिंतीत जाणारी केबल सॉलिड, म्हणजे प्रत्येक तार एकाच जाड धाग्याची. भिंतीवरच्या पॉइंटपासून टीव्ही-कॉम्प्युटरपर्यंतची छोटी पॅच कॉर्ड अनेक बारीक तारांची, लवचिक. ती तयार विकत घ्या.

शिल्डवाली, म्हणजे तारांभोवती धातूचं आवरण असलेली केबल ऐकायला भारी वाटते. पण तिच्या जाळीला, कनेक्टरला आणि रॅकला नीट अर्थिंग हवं. मुरमाच्या जागेत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि महिनोन् महिने त्यात कुणी पाणी ओतत नाही. अर्थिंग नसलेलं शिल्ड आजूबाजूचा गोंगाट उलट स्वतःच गोळा करतं. घरासाठी साधी यूटीपी, म्हणजे शिल्ड नसलेली केबल घ्या.

गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून जाणारा भाग असेल तर तेवढ्यापुरती काळ्या जाकिटाची आउटडोअर केबल घ्या. आतली राखाडी किंवा निळी केबल आपल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते.

पाइप आणि भिंत

नेटवर्क केबल लाइटच्या पाइपातून कधीही नेऊ नका. २३० व्होल्टची वायर आणि ही केबल एकाच पाइपात किंवा एकाच बोर्डाच्या डब्यात असणं जिवाला धोक्याचं आहे. वायरमन ‘जागा आहे ना पाइपात’ म्हणेल, तरी ऐकू नका. दोन पाइप शेजारून जात असतील तर मध्ये निदान वीतभर अंतर ठेवा. एकमेकांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

२५ मिलिमीटरचा पाइप घ्या. त्यात कॅट ६ च्या चार केबली सुखाने जातात, २० मिलिमीटरच्या पाइपात दोन. कोपऱ्यावर एल्बो बसवू नका, लांब बेंड वापरा. केबलीची वळणाची त्रिज्या तिच्या जाडीच्या चौपटीहून कमी नको, म्हणजे सहा मिलिमीटरच्या केबलीला साधारण एक इंच.

आता भिंतीबद्दल. विटांच्या नाहीतर काँक्रीट ब्लॉकच्या घरात कटर मारून उभी झिरी काढायला हरकत नाही. पण जुन्या दगड-मातीच्या भिंतीला झिरी मारण्यापूर्वी थांबा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात औसा, उमरगा, लोहारा भागातली अशी घरं कोसळली. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, चिखलाचा सांधा कच्चा होता आणि वर माळवदाच्या मातीचं ओझं होतं. त्याच बांधणीच्या कितीतरी भिंती मराठवाड्यात अजून उभ्या आहेत. त्यांना आडवी लांब झिरी मारली तर होती ती पकडही ढिली होते. अशा घरात मी भिंत फोडत नाही. तुळईच्या कडेने, दाराच्या चौकटीच्या कडेने पट्टी ठोकून केबल नेतो, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला गरजेपुरतं एकच भोक पाडतो. उदगीरच्या एका वाड्यात आजीबाई म्हणाल्या होत्या, ‘लेकरा, दिसली तर दिसू दे पट्टी, भिंतीला हात लावू नको.’ त्यांचं म्हणणं बांधकामाच्या हिशेबानेही बरोबर होतं.

ओढणं

गिलावा सुरू असेल तेव्हा पाइपांची तोंडं प्लॅस्टिकने बांधून ठेवा, नाहीतर आत सिमेंट जाऊन पाइप बुजतो. केबल गिलावा वाळल्यावर आणि रंगाच्या आधी ओढा. पाइपातून वायर ओढायची स्प्रिंग आत सरकवा, तिला केबल बांधा, एकाने ढकलायची आणि दुसऱ्याने ओढायची. जोर ११ किलोच्या ओझ्याहून जास्त लावायचा नाही. अडली तर मागे घ्या, हिसका देऊ नका. हिसक्याने जोड्यांचा पीळ ढिला होतो आणि वरून काहीच दिसत नाही.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना मार्करने एकच आकडा घाला. पॉइंटच्या डब्यात फूटभर आणि मुख्य जागी मीटर-दीड मीटर जास्तीची केबल सोडा. बांधायला वेल्क्रोची पट्टी बरी, प्लॅस्टिकचा टाय करकचून आवळला की केबल चिमटते.

टोकं बसवणं

भिंतीतल्या सॉलिड केबलीला थेट आरजे-४५ मारू नका. फेसप्लेटमागे (पॉइंटच्या झाकणामागे) कीस्टोन जॅक, म्हणजे पॅच कॉर्ड जिच्यात घुसते ती खाच, बसवा आणि तारा दाबायच्या पंचिंग टूलने तिच्यात तारा दाबा. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. जॅकच्या अंगावर ए आणि बी असे दोन रंगक्रम दिलेले असतात. आपल्याकडे बी चालतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच क्रम ठेवा.

इथे नवशिके हमखास फसतात. निळ्या जोडीच्या दोन्ही तारा मधोमध चार आणि पाच नंबरच्या जागेवर असतात, हिरव्या जोडीच्या तिच्या दोन्ही बाजूंना, तीन आणि सहावर. पुष्कळ जण रंग सरळ ओळीने लावतात, म्हणजे हिरवी जोडी तीन-चारवर आणि निळी पाच-सहावर. दोन्ही टोकांना तसंच केलं तर स्वस्त टेस्टरवर एक ते आठ सगळे दिवे ओळीने लागतात आणि काम बरोबर झाल्यासारखं वाटतं. पण तीन आणि सहावरचा संदेश आता दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या एकेका तारेवरून जातो, आणि पिळामुळे मिळणारं संरक्षण संपतं. नेट चालतं, पण अडखळत.

म्हणून टेस्टरच्या दिव्यांवर थांबू नका. दोन्ही टोकांना पॅच कॉर्ड लावून लॅपटॉप स्विचला जोडा आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंकचा वेग बघा. १००० एमबीपीएस यायला हवा. १०० दिसला तर एखादी तार नीट बसलेली नाही, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोनच पुरतात. मग एका पॉइंटवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर दोन-तीन जीबीची मोठी फाइल पाठवून बघा. तारा चुकीच्या जोडीत गेल्या असतील तर तिथे वेग पडतो. हे सगळं रंगाऱ्याला बोलावण्याआधी करा.

घराबाहेर, गोठ्याकडे, विहिरीकडे

हल्ली गोठ्यात आणि विहिरीवर कॅमेरा मागतात. घर आणि गोठा यांच्यामध्ये तांब्याची केबल टाकू नका, अंतर चाळीस मीटर असलं तरी. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा पडतात. वीज जवळपास पडली तरी त्या लांब तारेत दाब चढतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जळतात. तिथे फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेटवर्क केबल जोडून देणारी डबी) लावा. फायबर काचेची असते, आणि काचेतून वीज वाहत नाही. फायबरला आधाराची लोखंडी तार असेल तर ती टोकाला कापून यंत्रापासून दूर ठेवा.

जमिनीतून नेताना काळ्या रानाचा स्वभाव लक्षात घ्या. ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सांधे असलेला पीव्हीसी पाइप अशा मातीत दोन-तीन वर्षांत सांध्यावर निखळतो, आणि भेगेतून उंदीर-घुशी आत शिरतात. तुषार सिंचनाला वापरतात तसा एचडीपीईचा, पण वेटोळ्यातला अखंड पाइप घ्या आणि दोन फूट खोल पुरा. दोन्ही तोंडं सिलिकॉनने बंद करा.

बुजवण्याआधी

भिंतीतले पाइप उघडे असतानाच प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, भिंतीला टेप लावून, म्हणजे जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचं अंतर फोटोत दिसेल. पुढे कुणी फोटोफ्रेमला किंवा मांडणीला ड्रिल मारायला आलं की आधी तो फोटो बघायचा. आणि प्रत्येक पाइपात केबलीबरोबर नायलॉनची एक मजबूत दोरी आरपार सोडून ठेवा, दोन्ही टोकांना गाठ मारून. कधी केबल बदलायची किंवा वाढवायची झाली तर नवी केबल त्या दोरीला बांधून ओढता येते. ओढताना नव्या केबलीबरोबर दुसरी दोरीही बांधा, म्हणजे पाइप पुन्हा दोरीशिवाय राहत नाही.